अक्काची समीकरणं

अक्का,

तुझ्या दशक्रियेला आलेल्या बायका तुझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीबद्दल बोलत होत्या. कुणाला तुझं हसणं आठवत होतं, कुणाला अंगणवाडीत पोरांना मांडीवर घेऊन तू म्हटलेली गाणी. सगळं खरंच होतं. मी मागे भांडी विसळत ऐकत होते आणि मला सारखं वाटत होतं, कुणीतरी तुझ्या गणिताबद्दल एक वाक्य बोलावं. कुणी बोललं नाही. बोलणार तरी कोण? ते सगळं मागच्या पडवीत झालं, शहाबादी फरशीवर खडूनं लिहून, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तूच ते ओल्या फडक्यानं पुसून टाकायचीस. म्हणून आज, तुला जाऊन सतरा दिवस झाल्यावर, ते मीच लिहायला बसले आहे.

तुला 'तू' म्हणून लिहिते आहे, हे कुणी वाचलं तर त्याला खटकेल. तू थोरली जाऊ, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. मी जळगावहून बीएस्सी होऊन गिरणाकाठच्या या गावात आलेली धाकटी. पहिली काही वर्षं मी तुला 'अहो अक्का' असंच म्हणायचे. शिकवायला बसलो त्या पहिल्या दुपारी मी म्हटलं, "तुम्ही इथे बसा, तुम्ही वही काढा." तू वही काढलीस आणि परत मिटलीस. म्हणालीस, "मास्तरीण पोरीला तुम्ही म्हणते का कधी? तू म्हण. नाहीतर मला पाहुणी आल्यासारखं वाटतं." मग पडवीत 'तू' आणि घरात 'तुम्ही' असं काही दिवस चाललं. एकदा जेवताना सासूबाईंसमोर माझ्या तोंडून 'तू' गेलं. त्यांनी भुवया वर केल्या. तू वाढता वाढता म्हणालीस, "ती मन्ही मास्तरीण शे." तेवढ्यावर विषय संपला आणि 'तुम्ही'ही संपलं.

पण मी पुढे पळाले. सुरुवात त्याच्या आधीची.

मी पुढच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलींची शिकवणी घ्यायचे, अजूनही घेते. तू अंगणवाडीत मदतनीस होतीस. दुपारी घरी यायचीस, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गवार मोडत बसायचीस आणि मला वाटायचं, तुझं लक्ष गवारीत आहे. एके दिवशी मुली गेल्यावर तू दार लोटलंस आणि माझ्या फळ्याकडे पाहत विचारलंस, "वैशाली, मी दहावीला बसू का?"

मला आधी गंमत वाटली. मग तू नीट सांगितलंस. आपल्या अंगणवाडीच्या सेविकाबाई दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या. तेव्हा मदतनिसाला सेविका व्हायला दहावी लागायची. तू साक्रीकडच्या तुझ्या माहेरी आठवीपर्यंत शिकलेली, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, म्हणून घरीच बसलेली. बारा वर्षं तू त्या अंगणवाडीत खिचडी शिजवलीस, घरोघर जाऊन पोरं गोळा केलीस, त्यांची नाकं पुसलीस. शिकवायचं काम मात्र तुझं नव्हतं. सेविकाबाई बैठकीला गेल्या की तेवढे दिवस तू पोरांना अंक म्हणायला लावायचीस आणि त्या परत आल्या की गुपचूप चुलीपाशी जाऊन बसायचीस.

"खिचडी तर मी घरीही शिजवते," तू म्हणालीस. "मला पोरांसमोर उभं राहायचं आहे."

"भाऊंना सांगितलं?"

"आधी तू हो म्हण. ते हसतील."

भाऊ, म्हणजे तुझे मालक, माझे जेठ, हसले नाहीत. ते म्हणाले, "बस. फक्त कापूस वेचणीत अभ्यासाचं नाव सांगू नको." आपण दोघींनी भडगावला जाऊन बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्या दिवशी तू नवी वही घेतलीस आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालताना 'सौ.' घातलं नाहीस. नुसतं कमल, मग आडनाव. मी पाहिलं.

मराठी, इतिहास, भूगोल तू पाठ केलंस. विज्ञानात शरीराची माहिती आली की तू मला उलट सांगायचीस, बारा वर्षांत तितकी आजारी पोरं तू पाहिली होतीस. इंग्रजीला घाबरलीस, पण रेटलंस. अडलं ते बीजगणितात. दहावीच्या पुस्तकात सुरुवातीलाच दोन-दोन अक्षरांची समीकरणं, आणि तुला एकाचीच ओळख नव्हती. म्हणून मी सहावी-सातवीपासून धरलं. फरशीवर लिहिलं, एक्स अधिक तीन बरोबर दहा.

"हा एक्स कोण?"

"एक संख्या. आपल्याला माहीत नाही ती. म्हणून तिला एक्स मानायचं."

'मानू' हा शब्द तुला फार आवडला. पुस्तकात प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला असतो, 'मुलाचे वय x मानू'. तू म्हणालीस, "देव मानतात तसं?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच. तू विचार करून म्हणालीस, "नाही. देवाला मानलं की शोधत नाही कुणी. याला मानायचं आणि मग शोधायचं." मी कॉलेजात तीन वर्षं गणित शिकले, पण त्या शब्दाकडे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

मग मी तुला ते वाक्य शिकवलं, जे मला शिकवलं होतं आणि जे मी सगळ्या मुलींना शिकवत होते. बरोबरच्या चिन्हाच्या इकडची संख्या तिकडे नेली की तिचं चिन्ह बदलतं. अधिकचं उणे, उणेचं अधिक. तीन तिकडे नेले, उणे तीन झाले, दहा उणे तीन, सात. झालं.

तू म्हणालीस, "काबर?"

"काबर म्हणजे?"

"तिकडे गेलं की चिन्ह का बदलतं?"

"नियम आहे तो."

"नियम कोनी कया? कुणी केला?"

मला उत्तर येत नव्हतं, अक्का. आज सांगते. तेव्हा मी म्हटलं, "परीक्षेत असं विचारत नाहीत." भाऊ तिकडे ठिबकच्या नळीतली माती फुंकत बसले होते. ते माझ्याशी थेट बोलत नसत, जेठानं धाकट्या भावजयीशी बोलायची पद्धत नव्हती. ते नळीशी बोलल्यासारखं म्हणाले, "बाजू बदलली की चिन्ह बदलणारच. पुढाऱ्यांचं पाहत नाही का." तू इतकी हसलीस की तुझ्या हातातला खडू मोडला. मीही हसले, आणि त्या हसण्यात माझी सुटका झाली. तू मात्र प्रश्न सोडला नाहीस. आठ-दहा दिवस, कधी पीठ मळताना, कधी गोठ्यात, "काबर ते सांग ना." शेवटी मी चिडले. म्हटलं, "अक्का, मुकाट्यानं पाठ कर. पास व्हायचं आहे ना?" तू मान हलवलीस आणि पाठ केलंस. मला वाटलं, जिंकले.

त्याच हिवाळ्यात मी तुझ्या बाबतीत आणखी एक चूक केली, आणि ती तुला कधी सांगितली नाही. शाब्दिक उदाहरणं आली, वयाची, अंतराची, नाण्यांची. मी तुला दोन करून दाखवली, तुला जमली नाहीत. मी पुस्तकातल्या त्या पानांवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "ही सोडून दे. परीक्षेत आली तरी बघायची नाहीत. बाकीचं कर, पास होशील." तू त्या रेघेकडे पाहिलंस. "मला जमणार नाहीत?" "वेळ वाया जाईल," मी म्हटलं. खरं म्हणजे माझ्या मनात तेच होतं, की तुला जमणार नाहीत. आठवीनंतर तीस वर्षं शाळा न पाहिलेल्या बाईला ती जमतील, असं मला वाटलंच नव्हतं.

मार्चमध्ये भाऊंनी मोटारसायकलवर तुला भडगावच्या केंद्रावर नेलं-आणलं. गणिताच्या पेपराहून तू आलीस ती गप्प होतीस. "सोडलीस ना ती उदाहरणं?" मी विचारलं. "हो," म्हणालीस आणि चूल पेटवायला गेलीस.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. थोड्याच गुणांनी. मी मोबाइलवर तो आकडा पाहिला आणि मला पहिल्यांदा आठवली ती पेन्सिलीची रेघ. एखादं शाब्दिक उदाहरण जरी तुला करू दिलं असतं, तरी तू पास झाली असतीस. मी तुझ्यापाशी आले, ते सांगायलाच आले होते. तू पोळ्या लाटत होतीस. डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट चेहरा अगदी शांत होता. म्हणालीस, "राहू दे गं. जुलैत परत बसू." तुझी ती शांतता मला सहन झाली नाही आणि सांगायचं ते न सांगता मी पोळ्या भाजायला बसले. पुढे बारा वर्षं ते राहूनच गेलं.

दोन दिवसांनी तू वही घेऊन आलीस. एक अट घातलीस.

"आधी माझ्या त्या 'काबर'चं उत्तर दे. मग पुढे जाऊ."

मी सगळी पुस्तकं काढली. कॉलेजच्या पुस्तकांत ते इतकं गृहीत धरलेलं की कुणी लिहिलंच नव्हतं. शाळेच्या पुस्तकात मी पाहिलंही नाही, मला वाटलं ते मला पाठ आहे. पेरणीचे दिवस होते. आपण दोघी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो, बियाण्यासाठी. समोर दाण्यांचा ढीग, स्टीलच्या वाट्या. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी नुसता खेळ मांडला. एका वाटीखाली काही दाणे झाकले, वाटीशेजारी तीन दाणे ठेवले. खडूनं मधे बरोबरचं चिन्ह काढलं आणि पलीकडे दहा दाणे ठेवले.

"हे वाटीखालचे आणि हे तीन, मिळून त्या दहाइतके आहेत," मी म्हटलं. "वाटी न उचलता सांग, खाली किती?"

तू बराच वेळ पाहत बसलीस. मग उजव्या हातानं वाटीशेजारचे तीन दाणे उचललेस, डाव्या हातानं दहातले तीन उचललेस, आणि दोन्ही मुठी बाजूच्या टोपलीत मोकळ्या केल्यास. फरशीवर इकडे नुसती वाटी राहिली, तिकडे सात दाणे.

"सात," तू म्हणालीस. मी वाटी उचलली. सात.

तू खूश होशील असं मला वाटलं. तू माझ्याकडे रागानं पाहिलंस. "तिकडे कोनी गयंच नही," तू म्हणालीस. "कुणी इकडून तिकडे गेलंच नाही वैशाली. दोन्हीकडून तीन-तीन काढले, बस. सारखे होते, सारखेच राहिले. मग इतला दिन तू माले खोटं शिकाडं? तिकडे नेलं, चिन्ह बदललं. काय नेलं, कुठे नेलं?"

मला लाज वाटली. मी तुला ते करायला सांगितलं नव्हतं. दोन्हीकडून काढायचं, हे तुझ्या हातांनी ठरवलं. मी म्हटलं, "अक्का, खोटं नाही ते, पण..." शेवटी म्हटलं, "मलाही आजच कळलं." तू माझ्याकडे पाहिलंस, राग उतरला. म्हणालीस, "मग चांगलं झालं. दोघी शिकलो." आणि पुढचं मांडायला लावलंस. दोन वाट्या आणि एक दाणा, पलीकडे नऊ. तू दोन्हीकडून एक-एक काढलास, मग आठांचे दोन वाटे केलेस. उत्तर चार. त्या दुपारी बियाण्याच्या शेंगा अर्ध्याच फोडून झाल्या आणि सासूबाईंची बोलणी दोघींनी खाल्ली.

त्यानंतर तुला थांबवणं मुश्कील झालं. मी ती पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसली, तू पाहिलंस. शाब्दिक उदाहरणं तू आता स्वतः तयार करायचीस. एकदा मला घातलंस, "मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी एकोणीस. आज दोघींची वयं मिळून त्र्याहत्तर. सांग आपली वयं." मी म्हटलं, मला माहीत आहेत आपली वयं. "माहीत असलेलं नको. एक्स मान." मी मानलं. मी एकोणतीस, तू चव्वेचाळीस. मग तू कपाळाला हात लावलास. "पण माझी जन्मतारीख तर मास्तरानं शाळेत घालताना आपल्या मनानं लिहिली होती. म्हणजे उत्तर बरोबर आणि गणित चूक." त्यावर आपण अर्धा तास वाद घातला.

जुलैत तू परत बसलीस. ऑगस्टअखेर निकाल आला, गणितात बावन्न. भाऊंनी गावातल्या हॉटेलातून गरम जिलबी आणली आणि तिचा पुडा तुझ्या हातात न देता माझ्यासमोर ठेवला. त्यांनी मला दिलेली ती पहिली वस्तू.

पुढचं गावाला माहीत आहे. दीड वर्षानं तू सेविका झालीस. पहिल्या दिवशी तू मला अंगणवाडीत बोलावलंस, काही कारण नसताना. मी गेले तर तू पोरांसमोर उभी होतीस, हात पाठीमागे बांधून, आणि काहीच बोलत नव्हतीस. पोरं तुझ्याकडे पाहत होती. मला पाहून तू म्हणालीस, "हां, आता म्हणा. एक." मी दारातूनच परत फिरले. मला वाटेत रडू आलं, चांगलं रडू.

तू मला अधूनमधून विचारायचीस, "काय कामाला आलं गं ते बीजगणित? पोरांना तर एक ते दहाच शिकवते." मी कधी नीट उत्तर दिलं नाही. पण दीपनगरची गोष्ट तुलाही आवडायची, ती परत सांगते. तुझी लेक मनीषा तिकडे वीज केंद्राच्या वसाहतीत राहते, तिच्या ईश्वरीला सहावीत समीकरणं आली होती. आपण दोघी दिवाळीनंतर गेलो होतो. पोरगी वही घेऊन रडकुंडीला आलेली. मी उठणार तेवढ्यात तू म्हणालीस, "तू बस. मी पाहते." मनीषाकडे शेंगदाणे नव्हते, तू मुरमुरे घेतलेस. जावई ड्यूटीवरून आले तेव्हा दारातच थांबले. त्यांच्या सासूबाई, म्हणजे तू, जमिनीवर मांडी घालून पोरीला सांगत होतीस, "एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूलाही करायचं. दोघांना सारखं वागवायचं, मग उत्तर पळून जात नाही."

मग ईश्वरीनं तुला तिचं पुस्तक दाखवलं. त्यात तराजूचं चित्र होतं, दोन्ही पारड्यांतून सारखं काढलेलं. तू पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे वळलीस. "वैशाली. हे इथे लिहिलेलं आहे."

"हो."

"तुझ्या पुस्तकात नव्हतं?"

होतं, अक्का. मी घरी येऊन जुनं पुस्तक पाहिलं, होतं. शिकवताना मी ते पान उलटून पुढे गेले होते. तुला ते सांगितलं तेव्हा तू पुढचे दोन महिने मला त्यावरून चिडवलंस.

आता माझ्या नव्या मुलींचा पहिला तास नेहमी वाटी आणि दाण्यांचा असतो. 'तिकडे नेलं' हे मी बोलत नाही. कुणी दुसरीकडून शिकून येते आणि म्हणते, तेव्हा मी तिला विचारते, काबर? मुलींना वाटतं मी गंमत म्हणून खानदेशी बोलते.

आपला एक वाद मात्र राहिलाच. एक्स अधिक तीन बरोबर एक्स अधिक पाच. मी तुला घातलं होतं, तू दोन्हीकडून वाटी उचललीस आणि तुझ्यासमोर राहिलं तीन बरोबर पाच. तू म्हणालीस, "हे खोटं आहे." मी म्हटलं, म्हणून याला उत्तर नाही, 'उत्तर नाही' असंच लिहायचं. तुला ते पटलं नाही. "ज्याले उत्तर नही, ते गणित देवानंच नही, द्यायचंच नाही. माणूस बिचारा शोधत बसतो." माझं म्हणणं, उत्तर नाही हे कळणं हेसुद्धा उत्तर. तुझं म्हणणं, ही गणित घालणाऱ्याची पळवाट. वर्षातून दोन-चार वेळा तो वाद निघायचा. तू जायच्या आठवडाभर आधी लसूण सोलतानाही निघाला होता. मी तेव्हा म्हणाले होते, बरं बाई, तुझंच खरं. ते मनापासून नव्हतं, तुलाही कळलं होतं. तू म्हणालीस, "असं नको. पटलं तर म्हण."

नाही पटलेलं, अक्का. अजून नाही. तुझ्यासाठी खोटं मान हलवणार नाही, एवढं मी तुझ्याकडूनच शिकले.

त्या मंगळवारी तू दुपारी अंगणवाडीतून आलीस, पाय धुतलेस, पडवीतल्या खुर्चीत बसलीस आणि माझ्याकडे घोटभर पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन आले तोवर तू डोळे मिटले होतेस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. सकाळी तू पोरांना भोपळ्याचं चित्र काढायला लावलं होतंस, ती चित्रं तुझ्या पिशवीत होती. छप्पन्न म्हणजे काही जायचं वय नव्हतं. पण तू कशासाठी तिष्ठत राहून गेली नाहीस, हेही मी स्वतःला सांगत असते. तुला जे व्हायचं होतं ते होऊन तू दहा वर्षं जगलीस.

आता जे झालं ते सांगते, त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

परवा दुपारी पाहुणे पांगले होते. भाऊ पडवीत एकटेच बसले होते. मी चहा नेऊन ठेवला. एरवी मी कप ठेवून निघते. त्या दिवशी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बस." सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी खांबाला टेकून बसले. माझ्यासमोर ते अहिराणी बोलत नाहीत, शाळेतली मराठी बोलतात, जपून.

"तिच्या शाळेचं कौतुक होतं तुला," ते म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ती पेन्सिलीची रेघ, 'सोडून दे' म्हणणं, मला वाटलेलं की तुला जमणार नाही, आणि ती उदाहरणं सोडल्यामुळे तू पहिल्यांदा नापास झालीस, हे. म्हटलं, "मी अक्काला हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं."

भाऊ चहा पीत ऐकत होते. कप खाली ठेवला.

"तिनं सोडलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"ते गणित. तू सोड म्हटलेलं. पेपरात वयाचं एक आलं होतं. ती त्याच्यावरच बसून राहिली, तास-सव्वा तास. बाकीचं येत होतं ते राहून गेलं. बाहेर आली आणि मला म्हणाली, वैशालीला सांगू नका, तिनं बजावलं होतं."

मी खांबाचा टेका सोडून पुढे सरकले.

"मी चिडलो," भाऊ म्हणाले. "म्हटलं, मग नापास होणार तू. तर म्हणे, होऊ दे, पण ते सुटलं. गाडीवर घरी येईपर्यंत तेच सांगत होती. नंतरही कधी शेतात आठवण काढायची. बाप पोराच्या वयाच्या तिप्पट, आणि बारा वर्षांनी दुप्पट, असं होतं काहीतरी. तिला ती तुमची रीत काही जमत नव्हती तेव्हा. तिनं एकापासून सुरुवात केली. पोराचं वय एक धरलं, करून पाहिलं, नाही जमलं. दोन धरलं. तीन धरलं. असं करत करत गेली. बाराला जमलं म्हणे."

निकालाच्या दिवशी तू पोळ्या लाटताना इतकी शांत का होतीस, ते मला तेव्हा कळलं. मला हसू आलं, आणि ते आवरेना. भाऊ आधी दचकले, मग तेही थोडे हसले आणि उपरण्यानं डोळे पुसले. बारा वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवत होते आणि तू माझ्यापासून एक, आणि दोघी एकाच पडवीत शेंगा फोडत होतो.

भाऊ आत गेल्यावर मी ते करून पाहिलं. मुलगा बारा, बाप छत्तीस. बारा वर्षांनी मुलगा चोवीस, बाप अठ्ठेचाळीस.

बरोबर आहे, अक्का.